चार विलं आणि एक बॉलपेन

"मुलाच्या हातात सगळं एकदम पडलं तर तो उडवून टाकेल हो, विल बदलू का?" हे माझ्याकडे कोणी ना कोणी विचारतंच. मध्यंतरी एक काकू आल्या, साठी ओलांडलेल्या, मुलगा सव्वीसचा, ऑनलाइन जुगारात एकदा चांगलाच बुडालेला. पिशवीतून फाइल काढली तर आत चार विलं! चौथ्यावर मुलाचं नाव बॉलपेनने खोडून वर पुतण्याचं, मग तेही खोडलेलं. खाडाखोडीपाशी ना सही ना साक्षीदार. मी विचारलं, काकू, या तारखांच्या आदल्या आठवड्यात काय झालं होतं? चारही वेळा भांडण.

मग समुपदेशनाचे दोन सेशन राग आणि काळजी वेगळी करण्यातच गेले. राग होता तो खोटं बोलला म्हणून, आणि काळजी ही की माझ्यामागे परत खेळायला लागला तर कोण बघणार. त्यातल्या काळजीपुरताच विलचा उपयोग, राग त्याच्याशी बोलूनच काढावा लागणार होता.

कागदाचं काम वकिलाचं, पण एवढं मी सांगितलं की डोकं शाबूत आहे तोवर विल कितीही वेळा बदला, फक्त असं खोडून नको. छोटा बदल असेल तर साक्षीदारांसमोर पुरवणी करा, नाहीतर नवीन विल आणि त्यात आधीची सगळी रद्द असं स्पष्ट लिहा.

त्यांना वाटायचं 'सगळं मुलाला, पण तिशीनंतर' एवढं लिहिलं की झालं. गोची तिथेच आहे. इंग्लंडमध्ये १८४१ च्या सॉन्डर्स विरुद्ध व्हॉटियर खटल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा स्टॉक वारसाला पंचविशीत मिळायचा होता, त्याने एकविशीतच मागितला आणि कोर्टाने देऊन टाकला, कारण हक्क पक्का त्याचाच, नुसती तारीख पुढे ढकललेली. इंग्लिश कायद्याच्या वळणाच्या बऱ्याच देशांत हेच चालतं. म्हणून मग 'तिशी गाठली तरच, नाहीतर अमक्याला' असं लिहितात, किंवा ट्रस्ट करून पैसा मुलासाठी सांभाळायला एका विश्वासू माणसावर, म्हणजे ट्रस्टीवर सोपवतात, मग शिक्षण, घरभाडं, औषधपाणी परस्पर भरायचं आणि हातात रोख द्यायची की नाही ते ट्रस्टीने ठरवायचं.

काकूंनी ट्रस्ट निवडला, आणि माझ्या आग्रहाने मुलालाही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला म्हणे, मग म्हणाला, "चालेल, पण ट्रस्टी मामा नको, मावशीला कर. मामाला मी गुंडाळेन."