जुन्या स्टीम टर्बाइनच्या केसिंगमधील तडे वेल्डिंगने भरावेत का?

तीस वर्षे चाललेल्या टर्बाइनचे केसिंग (बाहेरचे जाड पोलादी कवच) ओव्हरहॉलसाठी उघडल्यावर वाफ आत येते त्या भागात तडे दिसले, तेव्हा ते वेल्डिंगने भरावेत की केसिंगच बदलावे, असा आपला प्रश्न आहे. वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्याच्या वीजगृहात मी बरीच वर्षे देखभाल पाहिली. त्या अनुभवावरून मी आधी तिसरा पर्याय तपासायला सांगेन: तडा घासून काढावा आणि ती जागा न भरता तशीच ठेवावी.

सुमारे ५४० अंश सेल्सिअसच्या वाफेवर चालणारी केसिंगे बहुधा क्रोम-मॉली-व्हॅनेडियमच्या (क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम मिसळलेल्या) ओतीव पोलादाची असतात. यंत्र सुरू करताना जाड भिंतीचा आतला थर लवकर तापतो, बाहेरचा मागे राहतो, आणि तो ताण प्रत्येक वेळी आतल्या कोपऱ्यांवरच येतो. असे तडे काही खोलीनंतर पुष्कळदा मंदावतात. त्यामुळे ते पूर्ण घासून, डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) खात्री करून, कडा गोल केल्यावर डिझाइनची किमान जाडी उरत असेल, तर नोंद ठेवून यंत्र चालवता येते. मात्र रेप्लिकामध्ये (पृष्ठभागाचा ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीत) क्रीपच्या, म्हणजे उष्णता व ताणाखाली धातू वर्षानुवर्षे हळूहळू ताणला गेल्याने पडणाऱ्या, पोकळ्या दिसल्या, तर तो धातू वेल्ड धरण्याच्या लायकीचा उरला आहे का, हे आधी ठरवावे लागते.

आमच्याकडे एकदा शटडाउन लांबू नये म्हणून गाउजिंगनंतरचा (तडा उष्णतेने कोरून काढल्यावर उरणारा) कठीण थर न घासता, प्रीहीट (वेल्डिंगआधी धातू तापवणे) न मोजता, घाईने वेल्डिंग झाले. पुढच्या वेळी केसिंग उघडले तेव्हा वेल्ड शाबूत होता आणि त्याच्या अगदी कडेने नवा तडा गेला होता. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण ते टाळता आले असते. दुसऱ्या खेपेस आम्ही वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातून हीटिंग कॉइल आणल्या, सुमारे २५० अंशांचा प्रीहीट काम संपेपर्यंत टिकवला, इलेक्ट्रोड ओव्हनमधून थोडे थोडेच काढले आणि शेवटी जवळजवळ ७०० अंशांवर तापवून ताणमुक्ती केली, म्हणजे वेल्डिंगने उरलेला ताण काढला. एवढ्या तापमानात केसिंगच्या वरच्या व खालच्या भागांमधील सांध्याचा पृष्ठभाग वाकण्याची भीती असते. ती परवडत नसेल तर टेम्पर बीड पद्धत वापरतात. तिच्यात वरच्या थराची उष्णता खालच्या थरालगतचा कठीण पट्टा मऊ करते, पण थरांची जाडी काटेकोर राखणारा वेल्डर हवा, आणि त्याची परीक्षा आधी त्याच धातूच्या नमुन्यावर घ्यावी.

वेल्डिंगचा ठेका देण्यापूर्वी स्टार्टअपच्या जुन्या नोंदी काढून पाहा. तापवण्याचा वेग किंवा वरच्या व खालच्या केसिंगमधील तापमानाचा फरक निर्मात्याच्या मर्यादेबाहेर वारंवार जात असेल, तर तो आधी दुरुस्त करावा लागेल, नाहीतर त्याच कोपऱ्यात पुन्हा तडा जाईल.