पार्सलची गाडी शिकताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : परवाना आहे, हात साफ आहे. तरी प्रशिक्षणात रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारायला लावतात. एवढं त्यात पाहायचं काय असतं?

रोज एकाच दरवाजापासून, एकाच दिशेनं फेरी मारा. क्रम ठरलेला असला की काही राहून गेलं तर ते लगेच खटकतं. आधी वाकून गाडीखाली नजर टाका. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर हरकत नाही, तेलकट किंवा रंगीत थेंब दिसला तर गाडी हलवायची नाही. मग टायर. हवेचा आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो आणि मालवाहू गाड्यांना बहुधा रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे असतात. शिकाऊ माणूस नेमका रिकाम्याचा वाचतो. हवा थंड टायरवर, निघण्यापूर्वीच मोजा. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की टायर निवल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर ओझ्याखाली आणखी तापतो.

ब्रेकचे दिवे बघायला सोबत कुणी नसेल तर गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि ब्रेक दाबून आरशात भिंतीवरचा लाल उजेड पाहा. दोन्ही बाजूंना सारखा पडला पाहिजे. शेवटी मागचा आणि सरकता दरवाजा लावून एकदा ओढून पाहा. खटका बसल्याचा आवाज येतो, पण खटका अर्धाच बसलेला असतो आणि पहिल्याच वळणावर दरवाजा सरकतो.

प्रश्न : सरावाच्या फेरीत रोज दीड-दोन तास उशीर होतो. प्रशिक्षक म्हणतात, गाडी जोरात हाकू नकोस. मग वेळ भरून काढायचा कुठून?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी हिशेब पाहा. एक किलोमीटर ताशी ५० च्या वेगानं ७२ सेकंदांत होतो आणि ६० नं ६० सेकंदांत. म्हणजे दोन थांब्यांमध्ये अर्धा किलोमीटर असेल तर वाचतात फक्त ६ सेकंद, तेही कागदावर. थांबून सुटणाऱ्या गाडीला ६० गाठायलाच बरंच अंतर लागतं. याउलट १५० थांब्यांवर प्रत्येकी २० सेकंद खोकं शोधण्यात गेले, तर ३,००० सेकंद झाले, म्हणजे ५० मिनिटं. वेळ जातो तो मागच्या हौद्यात.

तेव्हा गाडी भरतानाच अर्धा दिवस ठरतो. साध्या, एका दरवाजाच्या गाडीत शेवटच्या थांब्याचा माल आधी आत जातो आणि पहिल्या थांब्याचा दरवाजापाशी येतो. आत उभं राहून चालता येतं अशा रॅकच्या गाडीत असं उलट्या क्रमानं लावायची गरज नाही. फळ्या चालकाच्या बाजूकडून मागे क्रमानं लावून घ्या. प्रत्येक खोक्यावर थांब्याचा क्रमांक जाड मार्करनं लिहा, आणि तो वर नाही तर दरवाजातून दिसेल त्या बाजूला. वर लिहिलेला आकडा दुसरं खोकं ठेवलं की झाकतो. एकाच पत्त्यावर तीन नग असतील तर तिन्हींवर ‘३ पैकी १’, ‘३ पैकी २’ असं लिहा, नाहीतर तिसऱ्यासाठी पुन्हा यावं लागतं. फळीवर न मावणारी मोठी खोकी क्रमातून बाहेर जातात. त्यांचे थांबे यादीवरच खुणा करून ठेवा. हमखास विसरतात ती हीच.

जड माल खाली, चालकामागच्या जाळीला किंवा भिंतीला टेकवून ठेवा. वरच्या फळीवरचं १५ किलोचं खोकं अचानक ब्रेक लागल्यावर जागेवर राहत नाही. नाजूक माल वर, पण पट्टा लावून. बाणाची खूण असलेलं खोकं आडवं करू नका. एखादं ओलं झालं असेल, वास येत असेल, तर ते हातात घेऊ नका. बाजूला होऊन वरिष्ठांना कळवा.

एवढं करूनही दुपारपर्यंत हौदा विस्कटतोच. दर २०-२५ थांब्यांनंतर पाच मिनिटं थांबून पुढचा माल दरवाजाकडे ओढून घ्या. नवशिक्यांना ही पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण त्यांची वसुली पुढच्या दहा थांब्यांत होते. आणि खोकं गाडीतच स्कॅन करा, दारात नाही. चुकीचा नग असेल तर स्कॅनर तिथेच ओरडतो, तुमचे तीन जिने वाचतात. यादीवरचा क्रमांक, लेबलवरचा क्रमांक आणि दारावरचा क्रमांक हे तिन्ही जुळल्याशिवाय पार्सल हातातून सोडू नका. चुका बहुतेक इमारतीच्या ‘अ’ आणि ‘ब’ विंगमध्ये होतात. दाराशी ठेवल्याचा फोटो काढायचा असेल तर त्यात खोकं आणि दारावरचा क्रमांक दोन्ही आले पाहिजेत. नुसत्या खोक्याच्या फोटोनं काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : आठवडाभरातच कंबर धरली. वजनं तर फार नसतात. काय चुकतंय?

वजनापेक्षा अंतर पाहा. कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेनं १९९१ मध्ये उचलण्याचं सूत्र सुधारलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर त्यात मर्यादा २३ किलो धरली आहे. त्यासाठी हात घोट्यांपासून पुढे २५ सेंमीच्या आत हवेत. हेच अंतर ५० सेंमी झालं की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. हौद्याच्या कडेवरून वाकून लांबचं खोकं ओढताना तुम्ही नेमकं हेच करता. आधी खोकं कडेपर्यंत सरकवून घ्या, एक कोपरा उचलून वजनाचा अंदाज घ्या, मग पोटाशी धरून उचला. वळायचं असेल तर पाय वळवा, कंबर पिळू नका.

गाडीतून उडी मारत असाल तर ती आजच बंद करा. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम हवेत. म्हणजेच उतरताना दोन्ही हातांत खोकं नको. ते हौद्याच्या कडेला ठेवा, खाली उतरा आणि मग घ्या.

प्रश्न : गाडी मागे घेताना दोनदा खांबाला लागली. कॅमेरा असूनही!

मुळात मागे घेण्याची वेळच कमी आणा. अरुंद बोळात किंवा घराच्या आवारात गाडी घालू नका, बाहेर लावून चालत जा. घ्यावीच लागली तर पोचल्यावर मागे घ्या, निघताना नको. येताना जागा नुकतीच डोळ्यांखालून गेलेली असते, निघेपर्यंत तिथे मूल, सायकल, काहीही आलेलं असू शकतं. उतरून गाडीमागे जाऊन पाहा, आणि बसल्यावर लगेच निघा. मध्ये फोन किंवा यादी पाहिलीत तर पुन्हा उतरा. कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल बसतो आणि वरची गॅलरी, फांदी, तार त्यात दिसत नाही. वेग माणसाच्या चालीएवढा. स्टिअरिंग वळवून मागे जाताना गाडीचं नाक उलट्या बाजूला बाहेर येतं. बरेच जण मागचा खांब चुकवण्याच्या नादात पुढचा कोपरा घासतात. कुणी इशारे करत असेल आणि तो आरशातून दिसेनासा झाला, तर तिथल्या तिथे थांबा.

प्रश्न : चालवता चालवता जे दिसतं ते मोठ्यानं बोलायला लावतात. जीभ अडखळते. याचा उपयोग काय?

नजर कुठे आहे ते बोलण्यातूनच कळतं. हॅरल्ड स्मिथ यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली चालक-प्रशिक्षणाची पद्धत आजही बऱ्याच ठिकाणी शिकवतात. त्यात नजर १५ सेकंद पुढे, आरसे दर ५ ते ८ सेकंदांनी आणि पुढच्या गाडीपासून किमान ४ सेकंदांचं अंतर सांगितलं आहे. ताशी ३६ च्या वेगात सेकंदाला १० मीटर जातात, म्हणजे नजर दीडशे मीटर पुढे हवी. ‘समोर लाल गाडी’ एवढंच बोलत असाल तर तुम्ही फक्त पुढचा बंपर पाहताय. ‘पुढच्या चौकात सिग्नल बदलतोय, डावीकडच्या उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडू शकतं’ असं तोंडातून यायला लागलं की नजर बसली. वेग वाढला की हे जास्तच लागतं, कारण तो दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर चौपट होतं.

प्रश्न : शेवटच्या चाचणीत कशावर बोट ठेवतात?

बहुतेकदा थांबण्यावर. पाय ब्रेकवर असतानाच हँडब्रेक ओढा, गिअर लावा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका आणि दरवाजाला कुलूप. ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून किल्ली गाडीत राहिली की चाचणी गेली. चढावर तोंड असेल आणि कडेला फुटपाथची कड असेल तर पुढची चाकं कडेपासून बाहेरच्या बाजूला वळवा, उतारावर कडेकडे. म्हणजे हँडब्रेक सुटला तरी चाक कडेला टेकून गाडी अडते. कडच नसेल तर दोन्ही वेळा चाकं रस्त्यापासून दूर, बाजूच्या जमिनीकडे वळवा.