बायबल वाचतो, पण मोकळं का वाटत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: वर्षात बायबल पूर्ण करायचा प्लॅन घेतला होता, मोबाईलवर रोज टिक करायचे. मध्ये आजारपणात बरेच दिवस गेले आणि आता अ‍ॅप उघडलं की अपराधी वाटतं, देव नाराज असेल असं वाटतं. परत पहिल्यापासून सुरू करू का?

नको, आजची तारीख उघडा आणि वाचा, राहिलेलं राहू द्या. मला प्लॅनपेक्षा तुमच्या त्या अपराधीपणाबद्दल बोलायचंय. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक काढून बघा, दहा आज्ञा येतात विसाव्या अध्यायात, आणि गुलाम असलेले इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले ते बाराव्यातच, चौदाव्यात तर समुद्रही ओलांडून झाला. म्हणजे सुटका आधी झाली, नियम नंतर आले, आणि पहिली आज्ञा द्यायच्या आधीसुद्धा देव आठवण करून देतो की तुला दास्यातून बाहेर आणणारा तुझा देव तो मीच. आज्ञा पाळल्या म्हणून कुणाला बाहेर काढलेलं नाही. तुम्ही हे उलटं धरलंय, आधी टिक पूर्ण होऊ दे मग देव आपला. मिसरात रोज ठरलेल्या विटा पाडून द्याव्या लागायच्या, कमी पडल्या की मार बसायचा (निर्गम ५ वाचा), तसा तुम्ही स्वतःवर अध्यायांचा आकडा लावून घेतलाय. तो लावणारा देव नाही हो.

प्रश्न: "सत्य तुम्हाला बंधमुक्त करील" हे वचन मला पाठ आहे. पण माझा राग काही सुटत नाही, घरच्यांवर ओरडतो, मग रडतो, प्रार्थना करतो, परत तेच. मग ती मुक्ती माझ्यासाठी नाहीच का?

आहे, तुमच्यासाठीच आहे. फक्त हे वचन आपण अर्धंच पाठ करतो. योहान ८:३२ च्या आधी ३१ आहे, तिथे येशू म्हणतो माझ्या वचनात राहिलात तर. राहणं म्हणजे एकदा वाचून उठणं नाही, रोज तिथेच येऊन टेकणं. ऐकणारे लगेच म्हणाले आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो! तुम्ही निदान तसं म्हणत नाही, तुम्हाला बेडी दिसतेय, आणि ती दिसणं हीच सुरुवात आहे असं मी मानतो.

आता रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचा. जे करायचं नाही तेच माझ्या हातून होतं, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः लिहितोय, आणि शेवटी ओरडतोच की मला कोण सोडवील. त्याला लागूनच आठव्याचं पहिलं वाक्य येतं, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा, म्हणजे दोषी ठरवून शिक्षा, नाहीच. राग सुटल्यावर दंडाज्ञा जाईल असं नाहीये ते. आधी तुम्ही त्याचे झालात, आणि आता त्याच्या आधाराने रागाशी लढायचं. आणि ज्यांच्यावर ओरडता त्यांची माफी मागा, आजच, आणि विश्वासातल्या एखाद्या माणसाला किंवा समुपदेशकाला हे सगळं सांगा, एकट्याने लढू नका.

प्रश्न: मी लहानपणापासून चर्चमध्ये आहे, संडे स्कूल शिकवते, सगळी सेवा करते. तरी आतून परकं वाटतं, जणू मी देवाच्या घरची कामवाली आहे, मुलगी नाही. हे कुणाला सांगता पण येत नाही.

ताई, तुमच्यासाठी लूक १५, घर सोडून सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट. पण त्या उधळ्या मुलाशी थांबू नका, थोरल्या भावासाठी पंचविसाव्या वचनापासून पुढे हळूहळू वाचा. थोरला शेतातून येतोय, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, तर हा आत जाऊन वडलांना विचारत नाही, बाहेरच एका चाकराला बोलावून विचारतो. स्वतःच्या घराची खबर चाकराकडून! आणि बाप समजवायला आला की काय म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी एक करडूही दिलं नाहीत. तो घर सोडून कधी गेलाच नाही, पण घरात राहिला चाकरासारखा.

बापाने त्याला रागावलं नाही. धाकट्यासाठी जसा धावत गेला तसाच मेजवानी टाकून याच्यासाठीही बाहेर आला, आणि म्हणाला बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. मला तर ही ओळ त्या मिठीइतकीच मोठी वाटते. थोरला आत गेला की नाही ते लूक लिहीतच नाही.

तुम्ही थोडे दिवस शिकवण्याची तयारी म्हणून वाचणं बंद ठेवा. लेसन वेगळा, तुमचं वाचन वेगळं. यशया ४३ चं पहिलं वचन घ्या, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस, आणि तिथे तुमचं नाव घालून मोठ्याने वाचा. सेवा करून दमला असाल तर पाळकांना सांगून सुट्टीही घ्या, त्यात पाप काही नाही.

प्रश्न: एवढं मुक्त असू तर मग कसंही वागलं तरी चालेल ना?

नाही. गलतीकर ५:१३ थेट हेच सांगतं, स्वातंत्र्य देहाच्या लाडासाठी नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करायला आहे.

प्रश्न: मी नवीन आहे, एकटाच वाचतो, अर्धं कळत नाही. कुठून सुरू करू?

मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची गोष्ट. १६च अध्याय आहेत, एका सुट्टीच्या दिवशी सगळा वाचून होतो. न कळण्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये इथिओपियाच्या राणीचा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता, खजिन्याचा कारभार सांभाळणारा माणूस, आणि येशूची सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाने कळतंय का विचारलं तर सरळ म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि फिलिप्पाला रथात बोलावून शेजारी बसवलं. तुम्हीही एक माणूस शोधा, आठवड्यातून एकदा सोबत वाचा, आणि अडलेली वचनं वहीत लिहून त्याच्यासमोर ठेवा.