बोलणाऱ्या मांजरांची ती जुनी कादंबरी पुढे वाचावी का?

तुम्ही विचारलंय की टॅड विल्यम्सची ‘टेलचेझर्स साँग’ घेतली, साठेक पानं झाली, पण गोष्ट पुढे सरकत नाही. पानोपानी मांजरांच्या भाषेतले शब्द, मध्येच कुणीतरी जुनी कथा सांगायला बसतं. पुढे वाचण्यासारखं आहे का, आणि नऊ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवता येईल का?

वाचा. तिलाही वाचून दाखवा, फक्त शेवटचा तिसरा हिस्सा आधी एकटीने वाचून काढा. तो का, ते पुढे सांगते.

मीही पहिल्यांदा हे पुस्तक साधारण तिथेच मिटून ठेवलं होतं. दोन वर्षं ते तसंच पडून होतं. मग भाचीला कांजिण्या झाल्या, शाळा बंद, खाजवायचं नाही, उन्हात जायचं नाही, आणि घरातली तिची सगळी पुस्तकं वाचून संपलेली. तिला मांजरं आवडतात म्हणून मी हे काढलं. इंग्रजी वाचत जायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे. त्या पंधरा दिवसांत मला कळलं की पहिल्या वेळी मी हे पुस्तक चुकीच्या पद्धतीने वाचत होते.

मी ‘पुढे काय झालं’ म्हणून पानं उलटत होते. हे पुस्तक तसं बांधलेलंच नाही. आपल्याकडे कीर्तनाला बसलेलं माणूस बुवांनी मूळ अभंग सोडून आख्यान लावलं म्हणून चुळबुळ करत नाही. आख्यान ऐकायलाच तर तो आलेला असतो. या कादंबरीत मांजरं रात्री भिंतीपाशी जमतात आणि एक म्हातारा कथेकरी बोका आदिकाळाची गोष्ट सांगतो. तुम्हाला जे अडथळे वाटतायत ते हेच. ती आख्यानं काढून टाकली तर उरतं ते एक साधं शोधप्रवासाचं कथानक. पुस्तकाचा जीव आख्यानांत आहे.

पहिलंच बघा. काहीही नव्हतं तेव्हा अंधारातून एक काळीभोर आदिमाता मांजर थंड पृथ्वीवर आली. तिच्यापासून पहिलं जोडपं झालं, त्यांना तीन मुलगे. त्यातल्या एकाच्या मनात भावाबद्दल मत्सर शिरला आणि शेवटी तो जमिनीखाली गेला. पुढची सगळी गोष्ट या मत्सरातून निघते, म्हणून ती कथा पुढे वाचताना लक्षात असू द्या. दुसरी कथा आहे माणसाच्या जन्माची. एका गर्विष्ठ मांजर-राजपुत्राला शिक्षा म्हणून ताणून लांब केलं, त्याची लव गेली, दोन पायांवर चालायची पाळी आली आणि मांजरांची सेवा त्याच्या वंशाच्या कपाळी आली. तो पहिला माणूस. हे सांगितलं तेव्हा भाची उठून बसली. आमच्या पायरीवर रोज सकाळी दुधासाठी येणाऱ्या बोक्याकडे तिने त्या दिवसापासून वेगळ्याच नजरेने बघायला सुरुवात केली.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या गोष्टींतले प्राणी बहुतेक वेळा माणसाला काही शिकवायला बोलतात. पंचतंत्रातला दधिकर्ण मांजर आठवा: तपस्व्याचं सोंग घेऊन बसतो, ससा आणि कपिंजल पक्षी त्याच्याकडे न्याय मागायला जातात, आणि तो दोघांनाही गट्टम करतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या भल्यामोठ्या शिल्पात मागच्या पायांवर उभं राहून तप करणारं मांजर आहे, पायाशी उंदीर. सुंदर आहे ते, पण तिथेही मांजराच्या आडून ढोंगी माणूसच दाखवलाय. विल्यम्सची मांजरं माणसाला काही शिकवायला बोलत नाहीत. त्यांना त्यांची भूक आहे, त्यांचे देव आहेत, वेळ मोजायची त्यांची रीत आहे. माणूस म्हणजे कडेला वावरणारा मोठा, न कळणारा प्राणी. रिचर्ड अ‍ॅडम्सने 1972 मध्ये ‘वॉटरशिप डाउन’मध्ये सशांना त्यांची भाषा आणि पुराणं दिली, त्याच वाटेवरचं हे 1985 चं पुस्तक आहे. विल्यम्सची ही पहिली कादंबरी.

आता शब्दांची अडचण. मागे शब्दसूची आहे, पण तिकडे सारखं जाऊ नका. दोन-तीनदा आला की शब्द आपोआप कळतो. नावांचं मात्र भाषांतर करून घ्या, खूप फरक पडतो. आम्ही नायक बोका टेलचेझरला ‘शेपूटपकड्या’ केलं, त्याच्या मैत्रिणीला, हशपॅडला, ‘हळुपावली’, टेलचेझरच्या मागे लागलेल्या पिल्लाला, पाउन्सक्विकला, ‘झडपू’ आणि ईटबग्ज या वेडसर म्हाताऱ्याला ‘किडेखाऊ’. दिवसाच्या वेळांना त्यांची नावं आहेत, तिथे आपला ‘प्रहर’ अगदी चपखल बसला. भर दुपार म्हणजे लहान सावल्यांचा प्रहर, मध्यरात्र म्हणजे सर्वांत गाढ शांततेचा. भाची अजून दुपारी जेवायला बोलावलं की ‘सावल्या लहान झाल्या’ म्हणते.

आणि नावांविषयी त्यांची कल्पना. प्रत्येक मांजराला तीन नावं: एक जन्मतः आईने दिलेलं, एक मोठ्यांनी चारचौघांत ठेवलेलं, आणि तिसरं ज्याचं त्याने शोधायचं. तिसरं नाव पुष्कळांना आयुष्यभर सापडत नाही. टी. एस. इलियटने 1939 मध्ये मांजरांच्या तीन नावांवर कविता लिहिली होती, त्यातही तिसरं नाव फक्त मांजरालाच ठाऊक असतं. विल्यम्सने त्या कल्पनेवर अख्खी कादंबरी उभी केली. शेपूटपकड्या हळुपावलीला शोधायला निघतो खरा, पण वाचताना लक्ष त्या तिसऱ्या नावावर ठेवा.

तुम्ही अडकलात त्यानंतर थोड्याच वेळात तो घर सोडतो. आसपासची मांजरं गायब होतायत, हळुपावलीही दिसेनाशी झालीये. मोठी मांजरं राणीच्या दरबारी शिष्टमंडळ पाठवायचं ठरवतात आणि हा एकटाच वेगळ्या वाटेने निघतो. तिथून गती येते. खारींचा भाग मला विशेष आवडतो. त्यांची अडखळत, टकटक करत बोलायची लकब मोठ्याने वाचताना मजा येते, मुलीला तो आवाज काढू द्या.

दरबाराचा भाग मात्र लांबलाय, तिथे कंटाळा आला तर थोडं भरभर वाचा. शेवटची लढाईही मला तितकीशी पटत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्कीनची छाया तिथे फार गडद आहे: जमिनीखाली बसलेला महादुष्ट, त्याची सेना, ऐन वेळी येणारी मदत. लहान जागेत, एका मांजराच्या नाकाशी आणि कानाशी असताना विल्यम्स जास्त चांगलं लिहितो.

असं एक दृश्य तुम्हाला घराच्या गच्चीवरूनही दिसेल. पुस्तक चालू असताना आम्ही दोघी संध्याकाळी कठड्याशी बसायचो. समोरच्या पत्र्यावर दोन मांजरं भेटली. आधी लांबूनच थांबली. मग मान पुढे करून नाकाला नाक. दोघांपैकी करड्याने कान थोडे बाजूला पाडले, आणि लगेच पाठ फिरवून बसून पुढचा पंजा चाटायला लागला, जसं काही झालंच नाही. दुसरा जागचा हलला नाही, फक्त शेपटीचं टोक हलत होतं. तोंडातून एक आवाज नाही. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याव करत फारशी बोलतच नाहीत, ते म्याव बहुतांशी आपल्यासाठी असतं. कादंबरीतही कितीतरी बोलणं असं कान, शेपूट आणि चाटण्यातून होतं, आणि लेखकाने ते नीट बघून लिहिलंय. पत्र्यावरची ती भेट पूर्वी मला दिसली असती, कळली नसती.

मुलीबद्दल. शेवटच्या तिसऱ्या भागात मांजरांना जमिनीखाली कोंडून, उपाशी ठेवून खणायला लावतात. मारहाण आहे, मरणं आहे, आवडत्या पात्रांना इजा होते. नऊ वर्षांच्या सगळ्याच मुलांना हे झोपायच्या वेळी झेपेल असं नाही. मी तो भाग सकाळच्या उजेडात वाचला, दिवसाला थोडा थोडा, आणि दोन ठिकाणी काटछाट केली. भाची घाबरली ती मारामारीला नाही. अंधारात किती दिवस गेले हे शेपूटपकड्याला कळेनासं होतं, त्याला घाबरली. प्रहरांची नावं तिची पाठ झाली होती ना, आणि तिथे प्रहरच नव्हते. शेवट सांगत नाही, एवढंच म्हणते की ज्याला शोधायला निघालो ते सापडलं तरी आठवणीतल्यासारखं असेलच असं नाही, आणि हे लहान मुलीला मोठ्यांपेक्षा लवकर कळू शकतं.

तरीही वाटलं की तिच्यासाठी हे आत्ता जड होईल, तर आधी पॉल गॅलिकोची 1950 ची ‘जेनी’ घ्या. तिथे कल्पित भाषा नाही. लंडनमधला आठ वर्षांचा पीटर मांजराच्या पिल्लामागे रस्त्यावर धावतो, अपघात होतो, आणि तो पांढरा बोका होऊन जागा होतो. जेनी नावाची भटकी मांजरी त्याला मांजरपण शिकवते, अगदी दूध चाटण्यापासून. तिचा पहिला नियम: गोंधळलास की अंग चाटायला लाग. पत्र्यावरचा आमचा करडा तेच करत होता. यातही अपघात आहे, मृत्यू आहे, पण जेनीचा हात, म्हणजे पंजा, कायम जवळ असतो. यात डेम्प्सी नावाचा एक दांडगा बोका आहे. गॅलिको तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये क्रीडापत्रकार होता आणि 1923 मध्ये जागतिक विजेता मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सीसमोर अनुभवासाठी स्वतः रिंगणात उतरला होता. दोन मिनिटांच्या आत तो आडवा झाला. पीटर आणि डेम्प्सीची झुंज वाचताना ठोसा खाल्लेल्या माणसाचं लिहिणं ओळखू येतं.

तुम्ही मात्र ‘टेलचेझर्स साँग’ सोडू नका. एकसष्टाव्या पानावरून पुढे जाऊ नका, परत पहिल्या पानावर या. रात्री जेवणं आटोपली की एकच प्रकरण, मोठ्याने, मुलगी शेजारी असो वा नसो. आदिमातेची कथा आली की आवाज थोडा खाली घ्या. मी तसंच वाचलं होतं, आणि कांजिण्यांची खपली पडून शाळा सुरू झाली तरी भाची ‘आज किती प्रहर वाचायचे?’ विचारत दप्तर टाकून थेट माझ्याकडेच यायची.