अडखळत बोलणाऱ्या मुलीने स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी घेऊ नये का?

प्रश्न : माझी मुलगी बीएएसएलपीच्या (श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांची पदवी) शेवटच्या वर्षात, इंटर्नशिप करते आहे. आतापर्यंत ७४ टक्के आहेत. तिला एमएस्सी स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीला, म्हणजे वाचा-भाषेच्या उपचारांकडे, जायचं आहे. पण लहानपणापासून ती बोलताना अडखळते. जिला स्वतःला नीट बोलता येत नाही तिच्याकडे पेशंट कसे येणार? म्हणून ऑडिओलॉजी (ऐकण्याची तपासणी आणि उपचार) घे, असं मी सांगतो आहे. त्यात मशीनवर काम असतं, बोलणं कमी. कॉलेजांना फोनही मीच करतो, तिला ताण येतो. कोणतं कॉलेज चांगलं? पुढे अमेरिकेला जाता येईल का? – एक पालक, सांगली

उत्तर : ७४ टक्क्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटली ती फोनच्या वाक्याची. जी मुलगी रोज ओपीडीत अनोळखी आईवडिलांकडून केस हिस्टरी घेते, तिच्या वतीने घरी तुम्ही फोनवर बोलता. मायेपोटी करता, हे कळतं. पण अडखळणं टाळाटाळीवरच पोसतं. फोन टळला की त्या क्षणी सुटका वाटते आणि पुढचा फोन आणखी जड जातो. तिची वाक्यं तुम्ही पूर्ण करत असाल, ‘सावकाश बोल, श्वास घे’ म्हणत असाल, तर तेही आजपासून थांबवा. तिचं बोलणं संपेपर्यंत तिच्याकडे बघत ऐकून घ्या, एवढंच करा.

पेशंट कसे येणार, असं विचारता. चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन, या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांतले हे दोघं अमेरिकन, दोघंही स्वतः अडखळत. व्हॅन रायपर यांनी १९३६ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझू इथे स्पीच क्लिनिक सुरू केलं. अडखळलेला शब्द संपला की क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द जोर न लावता, सैलपणे पुन्हा म्हणायचा. पुढच्या टप्प्यात अडखळत असतानाच ताण सोडून शब्दातून बाहेर यायचं, ही त्यांची पद्धत आजही वापरात आहे. त्यात मुद्दाम अडखळण्याचाही सराव असतो. तो पेशंटसमोर करून दाखवायला तुमच्या मुलीइतकं लायक कोण? शिवाय या विषयाचा मोठा भाग गिळण्याच्या तक्रारींचा आहे. स्ट्रोक झालेल्या माणसाला चमचाभर पाणी देऊन, गळ्यावर बोटं ठेवून स्वरयंत्र वर उचललं जातंय का हे बघायचं, मग ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओलसर, घरघरता होतोय का ते ऐकायचं. काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं तरी ठसका लागत नाही; तिथे एंडोस्कोपीने किंवा बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) गिळायला देऊन एक्स-रेखाली तपासावं लागतं. यात थेरपिस्टचं बोलणं किती सफाईदार आहे, याला काहीच महत्त्व नाही.

आणि ऑडिओलॉजीत बोलणं कमी, हा निव्वळ गैरसमज आहे. स्पीच ऑडिओमेट्रीत, म्हणजे शब्द ऐकवून घेतलेल्या श्रवण तपासणीत, शब्दांची यादी अनेकदा ऑडिओलॉजिस्टच माइकवरून वाचतो. श्रवणयंत्र बसवताना ‘भांड्यांचा आवाज टोचतो का, स्वतःचा आवाज घुमतो का’ हे पुन्हा पुन्हा विचारत सेटिंग बदलावं लागतं. तान्ह्या बाळाची बेरा चाचणी (आवाजाला श्रवण-मज्जातंतू आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी) सदोष आली, तर ते आईला समजावून सांगायला मशीन येत नाही. तिला ऑडिओलॉजी मनापासून आवडत असेल तर जरूर घ्यावी, पण लपायला जागा म्हणून घेऊ नये. बीएएसएलपीच्या आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीवर दोन्ही कामं करता येतात, त्यामुळे एमएस्सीत एक विषय निवडला म्हणून दुसरा हातचा जात नाही.

आता कॉलेज. मैसूरच्या ‘आयश’ची (अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था) प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते, इतर ठिकाणी संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या नियमांनी प्रवेश होतात, वेळापत्रक संकेतस्थळावर बघा. बीएएसएलपीला मान्यता आहे म्हणजे एमएस्सीलाही असेल, असं धरून चालू नका. आरसीआयची मान्यता कोर्सगणिक आणि ठरावीक वर्षांपुरती मिळते. ती संपलेल्या ठिकाणी प्रवेश घेतला तर नोंदणीच्या वेळी अडचण येते. हे आरसीआयच्या यादीत पडताळा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

बाकीची चौकशी मुलीनेच करावी, स्वतः फोन करून. गिळण्याचे पेशंट विद्यार्थी स्वतः हाताळतात की नुसतं बघतात? एंडोस्कोपी किंवा बेरियमची तपासणी कुठल्या हॉस्पिटलात दाखवली जाते, महिन्यातून किती वेळा? एका मार्गदर्शकाकडे प्रबंधाचे किती विद्यार्थी असतात? पेशंट कोणत्या भाषेत बोलतात? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मैसूरला अभ्यासाची खोली मोठी, पण पेशंट मुख्यतः कन्नड बोलणारे. तिला पुढे मराठी मुलांबरोबर काम करायचं असेल, तर मुंबईचं नायर हॉस्पिटल, वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा पुण्यातली भारती विद्यापीठ संस्था आधी तपासावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘ळ’, ‘ण’, ‘भ’, ‘घ’ तपासायला इंग्रजी चाचण्या उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकेला जाता येतं, पण घाई करू नका. तिथल्या ‘आशा’च्या (या व्यवसायाची अमेरिकन संघटना) प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचं क्लिनिकल काम, प्रॅक्सिस ही विषयाची परीक्षा आणि पदव्युत्तर पदवीनंतर किमान ३६ आठवड्यांची, १२६० तासांची फेलोशिप (देखरेखीखालचं काम) लागते, राज्याचा परवाना वेगळा. आधी इथला निर्णय होऊ द्या.

मुलाखत असेल तर तिने पहिल्याच मिनिटाला सांगावं, ‘मी अडखळते, मला थोडा वेळ लागेल.’ लपवण्यात जाणारी शक्ती उत्तरात लागते. स्वतःसाठी थेरपी हवी असेल, तर ती जिथे शिकेल त्या विभागात घेऊ नये. तिची तोंडी परीक्षा घेणारे शिक्षक आणि तिचा थेरपिस्ट एकच असू नयेत.