हळदीचा डाग नसलेला तक्ता

रामबाग, इंदूर

बेटा, अनेक आशीर्वाद.

तू पेशंटना द्यायला म्हणून केलेला आहाराचा तक्ता काल रात्री दोनदा वाचला. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी ब्राउन राइस, पाचला ग्रीन टी. खाली लाल अक्षरांत: पोहे, जलेबी, सेव, कचोरी पूर्ण बंद. यात चूक म्हणावी असं फारसं काही नाही, तरी हा तक्ता कुणाला देऊ नकोस.

मी असाच एक दिला होता, म्हणून सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. सुदामानगरातल्या एक बाई आल्या, घरून जेवणाचे डबे पुरवायच्या, नुकतीच साखर निघाली होती. मी पाऊण तास बोलले. त्यांनी मान डोलावली आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. तीन महिन्यांनी तपासणी केली तर साखर आधीपेक्षा जास्त. मी जरा तोऱ्यातच विचारलं, तक्ता कुठाय? त्यांनी पर्समधून काढून टेबलावर ठेवला. घड्या त्याच, कागद करकरीत. स्वयंपाकघरात राहिलेल्या कागदाला चार दिवसांत तेलाचं बोट लागतं, हळद लागते. याच्यावर एक डाग नव्हता. "ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं आमच्या घरात काही नसतंच हो," असं त्या इतक्या संकोचून म्हणाल्या की मलाच खुर्चीत अवघडायला झालं.

तेव्हापासून मी लिहिण्याआधी विचारते, आणि पहिला प्रश्न एकच: तेलाचा डबा किती दिवस पुरतो? "तेल किती खाता" असं विचारलं तर सगळं इंदूर "अगदी कमी" म्हणतं. डबा असं म्हणत नाही. चार माणसांचं घर, १५ किलोचा डबा, दोन महिन्यांत संपतो. म्हणजे माणशी रोज ६० ग्रॅमच्या वर. बैठं काम करणाऱ्याला २० ते २५ ग्रॅम पुष्कळ झालं, म्हणजे चहाचे पाच चमचे, तूप धरून. शिवाय सेव या हिशोबात येतच नाही, ती किलोने बाहेरून येते. हा भागाकार तू करू नकोस, समोरच्या बाईंना करू दे. मग फोडणीची पळी कधी लहान झाली ते त्या आपणहून येऊन सांगतात.

आता तुझे पोहे. गाडीवर नीट बघितलंस तर दिसेल, पोह्यांची परात खाली उकळणाऱ्या पाण्याच्या वाफेवर असते. आपल्या घरच्या पोह्यांपेक्षा त्यांना तेल बरेचदा कमीच लागतं. तेल आणि मीठ वर पडणाऱ्या मूठभर सेवेत आणि जिरावणात, म्हणजे वरून भुरभुरायच्या खारट मसाल्यात असतं. कांदा, कोथिंबीर, लिंबू ही तर चांगलीच मंडळी. लिंबाचं विशेष सांगते. धान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, सी जीवनसत्त्व बरोबर असलं की ते जास्त शोषलं जातं. आणि चहातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, नेमकं उलट करतात. आपण काय करतो? पोह्यांवर लिंबू पिळतो आणि शेवटचा घास गिळता गिळता कडक चहा ढोसतो. रक्त कमी असलेल्या मुलीला एवढंच सांग की चहा तासभर पुढे ढकल. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांचं रक्त कमी आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. तेव्हा हा सल्ला दिवसातून दोनदा तरी द्यावा लागेल.

पण पोह्यांतलं लोह म्हणून जो बोभाटा होतो त्याला भुलू नकोस. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह छापलेलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ पदार्थांचे नवे तक्ते काढले, त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. तुझ्या मोबाइलवर फिरणारे संदेश अजून जुन्याच आकड्यावर जगतात.

पोह्यांची खरी अडचण शेजारच्या जलेबीची आहे. (घरात जिलबी, राजवाड्यावर पोचलं की जलेबी. पाक तोच.) पिष्टावर साखर, आणि प्रथिनाचं नाव नाही. अकरा वाजता पोटात पुन्हा खड्डा, मग कचोरी. त्या कचोरीला लोक मोह म्हणतात. मी म्हणते, ती न्याहारीची राहिलेली उधारी आहे. साखर निघालेल्या माणसाला जलेबी सोडायला सांगावीच लागेल, तिथे भीड नको. पण पोह्यांऐवजी ओट्स देण्यापेक्षा उसळ पोहे सांग. ते तर इथलेच आहेत, फक्त मटकी जास्त आणि तर्री कमी घालायला सांग.

चहाची साखर तोंडी विचारू नकोस. माझ्या ड्रॉवरमध्ये एक साखरेची बरणी आणि तीन मापांचे चमचे असायचे. "तुम्ही घालता तेवढी घालून दाखवा." एक निवृत्त गृहस्थ "दीड चमचा" म्हणाले आणि शीग लावून दोनदा घातली. काट्यावर ११ ग्रॅम भरली. दिवसाचे चार कप, म्हणजे ४४ ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असावी असं आपण सांगतो. गृहस्थ बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती.

प्रथिनांचंही असंच. "वरण रोज असतं" हे उत्तर घेऊन थांबू नकोस, वरण किती दाट ते विचार. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीत ३० ग्रॅम डाळ शिजलेली असेल तर सहा-सात ग्रॅम मिळतात. आपल्याकडे पाहुणा आला की डाळ वाढत नाही, पाणी वाढतं. मग वाटीतून दोन ग्रॅम आले तरी नशीब. हे सगळं ज्यांची किडनी ठीक आहे त्यांच्यापुरतं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक वाटीही वाढवायची नाही.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपण माळव्यात राहतो. सोयाबीनवर संशोधन करणारी देशातली संस्था आपल्या इंदुरात आहे. आसपास शेतंच्या शेतं सोयाबीनची, ज्यात ४० टक्क्यांच्या घरात प्रथिनं. आणि आपल्या स्वयंपाकघरात सोयाबीन येतं ते तेल होऊन! नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळायला काही खर्च नाही. फक्त कच्चं दळायचं नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून मग गिरणीत. कच्च्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेने जातो. हे न सांगता नुसतं "सोया खा" म्हटलंस तर लोक पोट बिघडल्याची तक्रार घेऊन येतील आणि बरोबर असतील.

उपासाबद्दल जपून बोल, तिथे श्रद्धा आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे त्यांनाही ठाऊक असतं, तू हसून दाखवू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतली खरी कमाई शेंगदाण्याच्या कुटाची. बटाटा काढून कूट वाढव, बरोबर दही घे, किंवा सरळ राजगिऱ्याची भाकरी. उपास मोडत नाही आणि संध्याकाळी चक्करही येत नाही. आणि सैंधव वेगळं म्हणून सढळ घालणाऱ्यांना सांग, रक्तदाबाला ते मीठच आहे. दिवसाचं सगळं मीठ मिळून एक चहाचा चमचा, त्यात लोणचं आणि पापडही आले. पापडखारातही सोडियम असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक गोष्ट ताटात दिसत नाही. शाकाहारी घर, पायाला मुंग्या, सारखा थकवा, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू. अशा माणसाला पालेभाजी वाढवायला सांगून घरी पाठवू नकोस, बी-१२ तपासायला सांग. ते दूधदुभत्यात आणि मांसाहारात असतं, पालेभाजीत नाही, आणि ते औषध त्याचं शोषण कमी करतं.

सराफ्याला, रात्रीच्या त्या खाऊगल्लीत, जाऊ नका असं मात्र म्हणू नकोस. तू म्हणशील आणि रात्री साडेदहाला तुझेच पेशंट तुला तिथे गराडूच्या (त्या तळलेल्या कंदाच्या) कढईपाशी भेटतील. (तूही तिथे असशील, मला माहीत आहे.) लोक घरी पोटभर जेवून मग सराफ्याला जातात, घोळ तिथे आहे. जायचं त्या दिवशी घरी जेवायचं नाही, इतकं ऐकलं तरी पुरे. कढईतलं तेल काळपट, फेसाळ दिसलं तर पुढच्या दुकानात. तळून तळून तेलात २५ टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं (तेल खराब झाल्याची खूण) झाली तर ते वापरू नये असा २०१८ पासून नियमच आहे, पण ते मोजायचं यंत्र काही आपण खिशात घालून हिंडत नाही. डोळे आणि नाक हेच यंत्र.

त्या डबेवाल्या बाईंचं राहिलं. दुसऱ्यांदा मी काहीच छापलं नाही. त्यांनी घरात जे होतं ते सांगितलं, मी त्यांच्याच डायरीच्या पानावर चार ओळी लिहिल्या: डाळ दाट, पळी लहान, चहात अर्धा चमचा, दोन्ही जेवणांत एक पोळी कमी आणि तिच्या जागी भाजी. औषध डॉक्टरांचं चालूच होतं. साखर उतरली, अगदी हवी तेवढी नाही, पण उतरली. पुढे त्यांच्या डब्यातली डाळही दाट झाली. त्यावर एका मुलाने "काकू, आज डाळीत पाणी घालायचं विसरलात का" असं विचारलं म्हणे.

रविवारी सकाळी ये. येताना तुझा वजनकाटा आण आणि तुझ्या आईची वरणाची वाटी. वाटी विसरू नकोस, माझ्याकडच्या सगळ्या वेगळ्या मापाच्या आहेत. उसळ मी रात्रीच भिजत घालते. चहा मात्र तासाभराने मिळेल.

तुझी,
मावशी