आधी ढील काढ, मग पाय उचल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात कॉलेजची सहल जंगलातल्या झिपलाइनला, म्हणजे मचाणांमध्ये ताणलेल्या तारेवरून लटकत घसरायला, जाणार, सगळ्यांबरोबर तूही नाव दिलंस आणि आता माळ्याच्या शिडीवरूनसुद्धा खाली बघवत नाही, असं तुझं पत्र सांगतं. भीती कशी घालवू, हा प्रश्न. महिन्याभरात ती पुरती जाणार नाही, आणि जायची वाट बघूही नकोस. छाती धडधडत असतानाही पाय उचलता येतो. त्यासाठी दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. उंचावर डोळे कसे फसतात ही एक, आणि तुझं वजन नेमकं कशाने धरलेलं असतं ही दुसरी.

उभा माणूस कधीच अगदी स्थिर नसतो, किंचित मागेपुढे डुलत असतो. जमिनीवर असताना जवळची भिंत, दाराची चौकट, गडगा हे सगळं त्या डुलण्याबरोबर डोळ्यांसमोर जरासं सरकतं. त्यावरून मेंदूला खबर लागते आणि तो पायांना सावरून घेतो. उंच मचाणाच्या कडेला जवळ काहीच नसतं. दूरची झाडी, दूरची खाडी डुलण्याने सरकताना दिसत नाही. खबर लागत नाही म्हणून अंग जास्त डुलतं आणि खाली ओढलं जात असल्यासारखं वाटतं. हे कमीअधिक प्रत्येकाला होतं. 1960 साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी जाड काचेखाली खोल दिसेल असं टेबल मांडून रांगती बाळं त्यावर सोडली होती. पलीकडून आई बोलावत असूनही बहुतेक बाळं खोल दिसणाऱ्या भागावर गेली नाहीत. तेव्हा स्वतःला भित्री म्हणणं आजपासून बंद.

उपाय याच कारणातून निघतो. मचाणावर पोचलीस की एक हात खोडाला लाव. ऐनाचं झाड असेल तर साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. त्या भेगा हातभर अंतरावरून बघ. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे सैल. ताठ गुडघ्यांनी डुलणं वाढतं. मग नजर दहा पावलांवरच्या फांदीवर, मग समोरच्या मचाणावर, आणि खाली सगळ्यात शेवटी. मान वर करून ढग मात्र बघू नकोस. चालत्या ढगांनी तोल आणखी बिघडतो.

चक्कर येऊन पडेन, असंही तू लिहिलंस. उंचीच्या भीतीत रक्तदाब सहसा वाढतो, त्यामुळे शुद्ध हरपणं क्वचितच घडतं. डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात ते भराभर श्वास घेतल्याने, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, असे सहा श्वास घे. बाहेर सोडणं लांब हवं, खरा फरक तिथे पडतो.

आता तीन आठवड्यांचा सराव. पहिला आठवडा घरातच. माळ्याच्या शिडीवर जिथे पोटात गोळा येतो त्या पायरीवर उभी राहा. शिडी खाली कुणीतरी धरलेली हवी. भीतीला शून्य ते दहा असा आकडा दे आणि तो निम्मा होईपर्यंत उतरू नकोस. भीती चढते, काही वेळ टिकते आणि उतरते. ऐन चढलेली असताना खाली पळालीस तर मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी त्याच पायरीवर ती जास्त मोठी होऊन भेटते. दुसऱ्या आठवड्यात वहाळावरचा साकव. कठडा असलेला, पक्का निवड. मध्यावर थांब, फळ्यांच्या फटीतून पाणी बघ, रोज दहा-पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या किल्ल्याचा तट. रत्नागिरीजवळ असलीस तर रत्नदुर्ग उत्तम, तीन बाजूंना समुद्र आहे. तटाच्या आतल्या बाजूनेच उभं राहायचं. कडेवर बसून फोटो काढणं हा सराव नव्हे. विहिरीच्या काठावर किंवा माडावर चढून धीर वाढवायचा विचारही मनात आणू नकोस. सराव भीतीचा करायचा आहे, धोक्याचा नाही.

आता वजन कशावर असतं ते. कमरेचा पट्टा आणि दोन मांड्यांचे पट्टे मिळून हार्नेस होतो. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. खाली घसरलेला असेल तर उलटं झाल्यावर अंग त्यातून निसटू शकतं. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. लहान मुलांना आणि ज्यांच्या कंबरेवर पट्टा ठरत नाही त्यांना खांद्यांवरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. हार्नेसमधून निघणारा जाड पट्टा किंवा दोर म्हणजे लॅनयार्ड, त्याच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे तोंड उघडता-मिटता येणारं धातूचं कडं, आणि तो तारेवर चालणाऱ्या दोन चाकांच्या ट्रॉलीत अडकवतात. कॅराबिनरच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात, ते वाच. 22 किलोन्यूटन म्हणजे साधारण 2200 किलोंचा भार. पण हे लांबीच्या दिशेने आणि तोंड बंद असताना. तोंड उघडं राहिलं किंवा कॅराबिनर आडवा अडकला तर हीच ताकद सुमारे तिसऱ्या हिश्शावर येते. म्हणून कुलपाचा स्क्रू पूर्ण फिरलाय का, हे गाइडने बघितल्यावरही तू स्वतः दाबून बघ. बोट लावून तपासलेली वस्तू मनाला जास्त पटते.

शिडीवर आणि मचाणावर दोन लॅनयार्ड असतात. एक लावल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. दोन्ही एकाच वेळी सुटलेले असा एक क्षणही नको. झिपलाइनवर माणसं पडतात ती बहुधा अशा बदलाबदलीच्या वेळी किंवा अर्धवट लागलेल्या कॅराबिनरमुळे, तार तुटून क्वचितच.

तरी किनाऱ्याजवळ तारेकडेही बघायला हवं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजतं, जस्ताचा मुलामा असला तरी. तारेचे सुटे धागे बाहेर आलेत का, टोकाच्या क्लॅम्पवर तांबडा गंज सुटलाय का, हार्नेसची शिवण उसवलीय किंवा पट्टा उन्हाने पांढुरका पडलाय का, हे बघ. आज सकाळी तपासणी कुणी केली आणि वही कुठे आहे, असं सरळ विचार. नीट काम करणारी माणसं ती वही आनंदाने दाखवतात. उत्तर टाळलं, हेल्मेट डोक्यावर हलत असलं, ढग गडगडत असताना किंवा तार ओली असताना सोडायची घाई चालली असेल तर परत फिर, आणि बरोबरच्यांनाही सांग. ओल्या तारेवर वेग वाढतो आणि ब्रेक कमी धरतो. अशा वेळची भीती ऐकायचीच असते. उंचीची भीती वेगळी, ती सगळं नीट असूनही येते. दोन्हींतला फरक तुला आधीच माहीत असेल तर कुणाच्या हसण्याने तू चुकीचा निर्णय घेणार नाहीस.

आणि आता ते पाऊल, ज्याने तुझी झोप उडवलीय. भीती सगळी ढिलाईत असते. लॅनयार्ड सैल लोंबत असताना उडी मारलीस तर आधी वीतभर खाली पडतेस, मग धक्का बसतो, आणि तेवढ्या वीतभराने काळीज तोंडात येतं. म्हणून उडी मारायचीच नाही. ट्रॉली लागल्यावर पाय फळीवर ठेवूनच गुडघे वाकव आणि खुर्चीत बसतात तशी हार्नेसमध्ये बस. लॅनयार्ड ताठ होईल, मांड्यांचे पट्टे वजन घेतील. वर बघून तार, ट्रॉली, कॅराबिनर, लॅनयार्ड असं क्रमाने बोटाने दाखव. तशीच बसून तीन श्वास. आता तू आधीच लटकते आहेस. फळीवरून पाय सुटला तरी खाली जायला जागा नाही, जाणार ते फक्त पुढे. गाइडला आधीच सांगून ठेव, "दादा, ढकलू नका, मी श्वास सोडला की सोडा." आणि रांगेत दुसरी उभी राहा. पहिलीला कुणाचं बघायला मिळत नाही, शेवटचीला उभं राहून राहून पाय कापायला लागतात.

सुटल्यावर फार वेळ नसतो. 200 मीटरची तार ताशी 40 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 11 मीटरने, 18-20 सेकंदांत संपते. गुडघे पोटाशी, हात लॅनयार्डवर किंवा ट्रॉलीच्या मुठीवर, नजर पुढच्या मचाणावर. चालत्या ट्रॉलीच्या पुढे तारेला हात कधीच लावायचा नाही, चाकाखाली बोटं जातात. हाताने ब्रेक लावायचा असेल तर चामड्याच्या हातमोज्याचा तळवा ट्रॉलीच्या मागे, वरून हलका दाबायचा, तोही गाइडने खूण केल्यावर. घाबरून आधीच दाबला की माणूस अलीकडेच थांबतो. तुझ्यासारख्या कमी वजनाच्यांचं हे हमखास होतं, कारण मध्यावर तार झोळ खाते आणि शेवटचा तुकडा थोडा चढाचा असतो. थांबलीस तर घाबरू नकोस. पाठ पुढच्या मचाणाकडे कर, तार दोन्ही हातांनी धर आणि हातामागून हात टाकत स्वतःला मागे ओढ. तसं जमेना तर स्वस्थ बस, गाइड येऊन ओढून नेतो.

कपड्यांचं थोडक्यात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण पँट, कारण पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या शेंगा सुकतात आणि आंब्याच्या फांद्यांवर लाल मुंग्या असतात. वेणी सदऱ्याच्या आत, ओढणी आणि लोंबती कानातली घरी. चाकात केस अडकणं फार वाईट. निघण्याच्या दीड-दोन तास आधी पेज किंवा दोन आंबोळ्या खा, उपाशी जाऊ नकोस. त्या दिवशी चहा एकच. फिट, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास, कानामुळे येणारी चक्कर यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि सरावात रोजची शिडीसुद्धा अशक्य झाली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही भीती पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते.

पहिली तार झाली की बाजूला बसून राहू नकोस, त्याच दिवशी दुसरी कर. पहिल्या वेळी सुटण्याआधीचा भीतीचा आकडा, दुसऱ्या वेळचा आणि तिसऱ्या वेळचा, असे तीन आकडे खिशातल्या चिठ्ठीवर लिही आणि ती चिठ्ठी मला पाठव. पुढचा सराव त्यावरून ठरवू.

तुझा,
काका